व्हेंचुरी, जेट आणि जानेवारीची हवा : जुन्या टू-स्ट्रोकला कार्बोरेटर निवडणं आणि लावणं

(व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, की सर, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि आता कार्बोरेटर? त्यांना मी एकच सांगितलं. कार्बोरेटरच्या पोटात जी अरुंद नळी असते तिला ज्याचं नाव आहे तो जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरी हाही तर्कशास्त्राचाच मास्तर होता. जन्म १७४६, मृत्यू १८२२. आधी धर्मगुरू, मग तर्कशास्त्राचा शिक्षक, मग मोडेना विद्यापीठात भूमिती आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, आणि तिथून पुढे भौतिकशास्त्राकडे. १७९७ मध्ये त्याने वाहत्या द्रवांवरचा आपला निबंध छापला. जवळजवळ नव्वद वर्षांनी क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनिअरने पाणी मोजायची नळी बनवली आणि तिला व्हेंचुरीचं नाव दिलं. तेव्हा मी काही परक्या घरात शिरलेलो नाही. शिवाय ज्या जिल्ह्यात अमळनेर आहे, जिथे १९१६ पासून प्रताप शेठजींनी उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, तिथे कुठलाही विषय तर्काला वर्ज्य असू नये.

पण खरं कारण वेगळं आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडे जुन्या यामाहा आरएक्स १०० चं वेड पुन्हा आलंय. ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे आज जी पोरं ती विकत घेतात त्यांतली बरीचशी गाडी बंद झाल्यानंतर जन्मलेली आहेत. घेतली की पहिलं काम म्हणजे सायलेन्सर बदलणं, आणि दुसरं म्हणजे मोठा कार्बोरेटर बसवणं. आणि मग डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी, सुरत-नागपूर महामार्गावर, ऐंशी-नव्वदच्या वेगात पिस्टन धरतो. पिस्टन धरला म्हणजे इंजिन जागच्या जागी थांबतं, मागचं चाक लॉक होतं, आणि मागून ट्रक येत असतो. म्हणून हा विषय. गाडीची हौस वाईट नाही; हिशेब न करता केलेली हौस महाग पडते.

आधी कार्बोरेटर करतो काय ते बघू. खानदेशात हे समजावायला मला पुस्तकाची गरज पडत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबकची लाइन असते. तिला विद्राव्य खत द्यायचं तर शेतकरी काय लावतो? व्हेंचुरी. मुख्य पाइपला समांतर अशी एक मधे निमुळती होणारी नळी. त्या गळ्यातून पाणी जोरात जातं, जोरात गेलं की तिथला दाब पडतो, आणि बादलीतलं खत आपोआप वर ओढलं जातं. पंप वेगळा लागत नाही. कार्बोरेटर हेच करतो. पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल, बादलीच्या जागी फ्लोट चेंबर. पिस्टन हवा ओढतो, हवा गळ्यातून वेगाने जाते, दाब पडतो, पेट्रोल वर येऊन तिच्यात फवारलं जातं.

आता बागाईतदाराला आणखी एक गोष्ट माहीत असते. पंप छोटा आणि व्हेंचुरी मोठी असेल तर ती खत ओढतच नाही. गळ्यात पुरेसा वेग येत नाही. इथेच मोठ्या कार्बोरेटरची सगळी गोम आहे.

आरएक्स १०० ला मुळात २० मिलिमीटरचा मिकुनी कार्ब येतो. समजा कुणी त्या जागी २८ चा लावला. आठच मिलिमीटर वाढले असं वाटतं. पण हवा व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जाते. २८ भागिले २० म्हणजे १.४, त्याचा वर्ग १.९६. भोक जवळजवळ दुप्पट झालं. इंजिन तेच, फेरे तेच, म्हणजे ओढली जाणारी हवा तेवढीच. मग गळ्यातला वेग निम्मा झाला. आणि ओढ ही वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे वेग निम्मा तर ओढ पाव. जिथे चार आण्यांची ओढ उरली तिथे पेट्रोल नीट उचललं जात नाही, उचललं तरी बारीक फवारा होत नाही, थेंब थेंब जातं. म्हणून अशी गाडी सिग्नलवरून निघताना अडखळते, मिसिंग मारते, आणि मालक म्हणतो, "सर, खालून पिकअप गेला, पण वर गेली की उडते." वर गेल्यावर उडते कारण तिथे हवेचा वेग परत येतो. पण गावात, कोर्ट चौकापासून स्टेशनपर्यंत, वर जाणार किती वेळा?

मग माप ठरवायचं कसं? टू-स्ट्रोकसाठी एक जुना ठोकताळा आहे. एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्या, जास्तीत जास्त ताकद ज्या फेऱ्यांना मिळते ते फेरे घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि त्याला ०.६५ ते ०.९ यांमधल्या एखाद्या आकड्याने गुणा. येईल तो गळ्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खालचा आकडा रस्त्यावर चालवायच्या गाडीला, वरचा शर्यतीच्या.

करून बघू. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसीचं, म्हणजे ०.०९८ लिटर. ताकद ११ हॉर्सपॉवर, ७,५०० फेऱ्यांना. ०.०९८ गुणिले ७,५०० म्हणजे ७३५. वर्गमूळ साधारण २७. म्हणजे मर्यादा साडेसतरा ते साडेचोवीस मिलिमीटर. कंपनीने २० ठेवलाय, गुणक पडतो ०.७४. मधोमध. २८ लावला तर गुणक एकच्या वर जातो. म्हणजे शर्यतीच्या मर्यादेच्याही बाहेर. आता हाच हिशेब राजदूत ३५० ला लावा, जी १९८३ पासून आपल्याकडे आली. तिला दोन सिलिंडर, प्रत्येकी सुमारे १७३ सीसी, आणि प्रत्येकाला वेगळा २८ चा कार्ब. वर्गमूळ येतं ३४ च्या आसपास, गुणक ०.८२. बरोबर बसतो. म्हणजे २८ चा कार्ब वाईट नाही. तो पावणेदोनशे सीसीच्या सिलिंडरचा आहे. दुसऱ्याचा सदरा आपल्याला का होत नाही याला सदऱ्याचा दोष म्हणत नाहीत.

पण कुणी म्हणेल, मी नुसता कार्ब नाही बदलला, पोर्ट घासले, एक्स्पान्शन चेंबरवाला सायलेन्सर लावला, रीड बदलले. ठीक. मग तुमचं इंजिन आता कदाचित ९,५०० ला ताकद देत असेल. पुन्हा हिशेब करा. ०.०९८ गुणिले ९,५०० म्हणजे ९३१, वर्गमूळ साडेतीस. ०.८ ने गुणलं की साडेचोवीस. म्हणजे २४ चा कार्ब. म्हणून मी पोरांना सांगतो की कार्ब शेवटी घ्या. आधी इंजिन किती फेऱ्यांना श्वास घेणार ते ठरू द्या. नाकपुडी आधी मोठी करून छाती वाढत नाही.

जाता जाता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८, याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर चौकात दंड होतो तो उगाच नाही. शर्यतीची गाडी शर्यतीच्या मैदानात.

आता लावण्याकडे येऊ. कार्बोरेटर ही एक वस्तू दिसते, पण आत तीन-चार वेगवेगळी खाती आहेत आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. मूठ बंद ते पाव भागापर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. साधारण त्याच्याच पुढच्या टप्प्यात स्लाइडला खालून दिलेला तिरका काप. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे ती लांब निमुळती सुई आणि तिची क्लिप. पाऊण ते पूर्ण मेन जेट. ही खाती एकमेकांत थोडी मिसळतात, पण ढोबळ वाटणी अशी. गंमत म्हणजे गाडी कुठेही अडखळली तरी गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो बाहेर दिसणाऱ्या स्क्रूवर. जो दिसतो तोच दोषी! अर्ध्या मुठीला गाडी गुदमरत असेल तर स्क्रू दिवसभर फिरवा, काही होणार नाही. ते नीडलचं खातं आहे. क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर येते, पेट्रोल वाढतं. क्लिप वर, सुई खाली, पेट्रोल कमी. यात उलटसुलट होतं म्हणून दोनदा म्हणून ठेवा.

स्क्रूचंही असंच. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू आहे. बाहेर सोडला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर सोडला की मिश्रण जाड होतं. एकाच क्रियेचे दोन विरुद्ध परिणाम, फक्त जागेमुळे. यूट्यूबवर बघून "दीड फेरा बाहेर" करणाऱ्यांनी आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघावं.

'जाड' आणि 'पातळ' हे शब्द मी वापरतोय, गॅरेजमध्ये रिच आणि लीन म्हणतात. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगू? एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या थोडं आत भरतं, त्याला जवळजवळ अकरा किलो हवा लागते, आणि अकरा किलो हवा म्हणजे नऊ हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत पाण्याचा मोठा टँकर येतो ना, दहा हजार लिटरचा? एक लिटर पेट्रोल जाळायला जवळपास तेवढा टँकर भरून हवा लागते. म्हणून मी म्हणतो, आपण पेट्रोलचा विचार फार करतो, हवेचा करत नाही.

पूर्ण ताकदीसाठी मिश्रण १४.७ वर ठेवत नाहीत, थोडं जाड ठेवतात, साडेबारा-तेराच्या आसपास. टू-स्ट्रोकला तर ते जास्तच महत्त्वाचं, कारण आत येणारं पेट्रोल वाफ होताना पिस्टनची उष्णता घेऊन जातं, आणि पेट्रोलबरोबर तेलही तेच वाहून नेतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता आणि कमी तेल, दोन्ही एकदम. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, मधली फट संपते, आणि धरतो. फोर-स्ट्रोक माफ करते, टू-स्ट्रोक करत नाही.

म्हणून मेन जेट लावायची दिशा नेहमी एकच : मोठ्याकडून लहानाकडे. आधी मुद्दाम मोठा जेट लावा. पूर्ण मुठीला गाडी भडभडते, स्वच्छ सूर लागत नाही, एक सोडून एक फेऱ्याला पेटल्यासारखी वाजते. मग एक-एक पायरी लहान करत या. सूर स्वच्छ झाला की थांबा. आणखी एक पायरी उतरलात तर गाडी क्षणभर आणखी हलकी, आणखी तिखट वाटेल. तो मोह आहे. पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक मरायच्या आधी फार सुंदर पळते. पूर्ण मुठीवरून किंचित मूठ सोडून बघा. सोडल्यावर गाडी उलट पुढे झेपावली तर मेन जेट लहान आहे. हे महामार्गावर करायचं काम नाही, आणि डावी दोन बोटं सतत क्लचवर हवीत.

जेटच्या नंबरांबद्दल एक सांगतो, कारण यात पैसे आणि पिस्टन दोन्ही जातात. मिकुनीच्या जेटवरचा नंबर साधारणपणे त्यातून किती प्रवाह जातो ते सांगतो. डेल'ऑर्टोच्या जेटवरचा नंबर भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे एक मिलिमीटर. आता १०० वरून १०५ ला गेलात. पहिल्या पद्धतीत पेट्रोल पाच टक्के वाढलं. दुसऱ्या पद्धतीत व्यास पाच टक्के वाढला, म्हणजे क्षेत्रफळ १.०५ चा वर्ग, सव्वादहा टक्के. नंबर तोच, अर्थ दुप्पट. तेव्हा एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या कार्बला सांगू नका. आणि जेटमध्ये सुई किंवा तार घालून भोक वाढवणं हा तर गुन्हाच समजा. पाच टक्के प्रवाह म्हणजे व्यासात अडीच शतांश मिलिमीटर. तारेच्या एका घासण्यात तेवढं जातं, आणि मग त्या जेटवरचा नंबर खोटा होतो.

आता माझ्या विषयाकडे थोडा वळतो, रागावू नका. आपल्याकडच्या न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. लळिंगच्या डोंगरावर धूर दिसला तर आग असणारच. पण उलटं चालत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुरासाठी आणखी एक गोष्ट लागते, ओलं सरपण. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी असलेलं अनुमान फसवं.

गॅरेजमध्ये काय होतं? प्लग काढला, पांढरा दिसला. निष्कर्ष : मेन जेट लहान. हे धुरावरून आगीचं अनुमान आहे की आगीवरून धुराचं? दुसऱ्या जातीचं आहे. प्लग पांढरा म्हणजे ज्वलन गरम झालं, इथपर्यंत ठीक. पण ते जेटमुळेच, हे कुणी सांगितलं? इनटेकचं रबर चिरलं असेल आणि तिथून चोरून हवा येत असेल. क्रँकचं सील गेलं असेल. फ्लोट खाली बसला असेल. टाकीच्या झाकणाचं भोक बुजून पेट्रोल येत नसेल. टायमिंग पुढे गेलं असेल. प्लगच चुकीच्या हीट रेंजचा असेल. पाच-सहा उपाध्या. आणि रबर चिरलेल्या गाडीत तुम्ही जेट मोठा टाकला, तर पूर्ण मुठीला बरं वाटेल, पण हळू चालताना ती पातळच राहील... आठ दिवस जातील. रबराच्या जोडावर नुसतं ग्रीस फासून बघितलं असतं आणि आयडलिंग बदललं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

प्लग कधी बघायचा याचंही तेच. प्लगचा रंग शेवटच्या काही मिनिटांची हकीकत सांगतो. गाडी पूर्ण मुठीला पळवली, मग हळूहळू चालवत गॅरेजला आणली, तिथे पाच मिनिटं आयडलवर ठेवली, आणि प्लग काढून मेन जेटबद्दल बोलायला लागलात, तर तो साक्षीदार दुसऱ्याच प्रसंगाचा आहे.

धुराचंही सांगतो. निळसर पांढरा धूर तेलाचा. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा. आणि थंडीच्या सकाळी पहिल्या मिनिटातला पांढरा ढग ही बहुधा नुसती वाफ. ती बघून कुणी स्क्रूला हात लावू नये. तेल कमी-जास्त केलं तर मिश्रण बदलतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. आरएक्सला ऑटोल्यूब पंप आहे. काही जण तो काढून टाकीतच तेल मिसळतात. लिटरला २५ मिलिलिटर तेल घातलं तर जेटमधून जाणाऱ्या द्रवात तितकं पेट्रोल कमी, आणि द्रव थोडा घट्टही. भीतीपोटी तेल दुप्पट घालणारे लोक खरं तर मिश्रण पातळ करत असतात.

उपाय जुनाच आहे. आपल्याकडे त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, मिलने १८४३ च्या ग्रंथात जवळजवळ तेच आपल्या पद्धतीने मांडलं. एक गोष्ट घातली की परिणाम दिसतो, काढली की जातो, बाकी सगळं तेच; मगच तिला कारण म्हणा. एका वेळी एकच बदल. एका वहीत तारीख, तापमान, जेटचा नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, परिणाम. जेट, फिल्टर आणि सायलेन्सर एकाच रविवारी बदलणाऱ्याला सोमवारी काहीच कळत नाही, फक्त वाटतं. आणि फिल्टरवरून आठवलं : फिल्टर काढून उघडी जाळी लावायची फॅशन आहे. मिश्रण पातळ होतं ते वेगळंच, पण आपल्या काळ्या मातीची धूळ एका उन्हाळ्यात सिलिंडर खाऊन टाकते. खानदेशात उघडा फिल्टर हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो.

वहीत तापमान का लिहायचं? आता आपण आजच्या मुख्य मुद्द्यावर आलो.

जळगावला जानेवारीच्या सकाळी दहा अंश असतं. मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. दहा अंश म्हणजे २८३ केल्विन, पंचेचाळीस म्हणजे ३१८. भागाकार ०.८९. म्हणजे मेच्या दुपारी त्याच सिलिंडरमध्ये अकरा टक्के हवा कमी जाते. ताकद तितकी कमी होणारच, कुठलाही जेट लावा. पण मिश्रणाचं काय होतं? हवेचं वजन घनतेच्या प्रमाणात कमी होतं. पेट्रोल मात्र दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ओढलं जातं, आणि तो फरक घनतेच्या प्रमाणात. म्हणजे पेट्रोल ०.८९ च्या वर्गमुळाने, ०.९४ ने कमी होतं. हवा अकरा टक्के कमी, पेट्रोल सहाच टक्के कमी. परिणाम : मे महिन्यात तीच गाडी सुमारे सहा टक्के जाड चालते. ठोकताळा करायचा तर सहा अंशांना एक टक्का. हीच गोष्ट उंचीची. जळगाव दोनशे-सव्वादोनशे मीटरवर, तोरणमाळ साधारण साडेअकराशे. तिथे हवेचा दाब जवळजवळ तितकाच, अकरा टक्क्यांनी कमी. तोरणमाळचा घाट चढणं म्हणजे हवेच्या हिशेबाने जानेवारीतून मेमध्ये जाणं. वरच्या गारव्याने थोडं परत मिळतं, एवढंच.

आता हा क्रम बघा. लग्नसराई, मे महिना. "सर, गाडी पयत नही." जड वाटते, भडभडते. मिस्त्री मेन जेट एक पायरी लहान करतो. बरोबरच करतो! त्या दुपारी तेच योग्य आहे. गाडी उडते, सगळे खूश. वही कुणी ठेवलेली नाही. पावसाळा जातो, दिवाळी जाते. जानेवारीत पहाटे साडेपाचला तोच मुलगा धुळ्याला निघतो. हवा घट्ट झालेली, जेट मेचाच. मिश्रण सहा टक्के पातळ. आणि गाडी कशी वाटते? छान! घट्ट हवेने ताकद वाढलेली, पातळ मिश्रणाने सूर तिखट झालेला, रस्ता मोकळा. मूठ पूर्ण. पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे पिस्टन धरतो. मग म्हणतात, पिस्टन डुप्लिकेट निघाला. असेलही. पण आधी वही दाखवा.

यात आता आणखी एक भर पडली आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल. देशात वीस टक्के मिश्रणाची मजल २०२५ मध्ये गाठली गेली, आणि बहुतेक पंपांवर आता तेच मिळतं. उसाला, मक्याला त्याने भाव मिळतो, तो वाद आज नको. कार्बोरेटरच्या दृष्टीने बघू. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून एक किलो इथेनॉलला नऊच किलो हवा लागते. वीस टक्के मिश्रणाला सरासरी साडेतेरा किलो. पेट्रोलला १४.७ होती. म्हणजे तेवढ्याच हवेला आता साधारण नऊ टक्के जास्त इंधन हवं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पण आपल्या जुन्या गाडीतल्या पितळेच्या भोकाला काय कळतं? ते पूर्वीइतकंच सोडतं. निव्वळ पेट्रोलवर लावलेला जेट वीस टक्क्यांवर आठ टक्के पातळ होतो. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर लावलेला असेल तर चारच्या आसपास.

बेरीज करा. निव्वळ पेट्रोलवर, मे महिन्यात, तेराला एक असं व्यवस्थित लावलेलं मिश्रण. आज, जानेवारीत, वीस टक्क्यांवर : ०.९४ गुणिले ०.९२ म्हणजे ०.८६५. तेरा भागिले ०.८६५ म्हणजे पंधरा. पूर्ण मुठीला टू-स्ट्रोक पंधराला एकच्या बरोबरीने चालतेय. कुणी काही चुकीचं केलेलं नाही, गाडीला कुणी हात लावलेला नाही, आणि तरी पिस्टन धोक्यात आहे.

तेव्हा जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी निदान एवढं करावं. मिकुनीच्या पद्धतीचा जेट असेल तर निव्वळ पेट्रोलच्या काळातल्या नंबरापेक्षा आठ-नऊ टक्के वर जा. व्यासाच्या पद्धतीचा असेल तर चारेक टक्के. नीडलही एक खाच उचलावी लागते, कारण पातळपणा फक्त पूर्ण मुठीला नसतो. पायलटही बघा. जेट लावायचा तो दिवाळीनंतरच्या थंड सकाळी, दुपारी नाही. तो उन्हाळ्यात थोडा जाड चालेल, प्लग काळवंडेल, लिटरमागे दोन-चार किलोमीटर कमी मिळतील. मिळू द्या. ज्याला दोन्ही ऋतूंत नेमकं हवंय त्याने दोन जेट ठेवावेत, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. स्वेटर नाही का आपण काढून ठेवत?

इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिनाभर उभी केलेली गाडी चालू करायच्या आधी फ्लोट चेंबर खालून रिकामा करा. जुनी रबरं फुगतात, ती बदला. यावर जास्त बोलत नाही.

वेळ संपत आलीय. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : चाळीसगावहून कन्नडच्या घाटात उतरताना आमच्या एकाचा पिस्टन धरला. उताराला तर मूठ बंदच होती. मग पातळ मिश्रण कुठून आलं?)

फार चांगला प्रश्न. म्हणजे कन्नडकडून चाळीसगावकडे उतरताना, बरोबर? टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलच्या वाटेनेच येतं. ऑटोल्यूब असेल तर पंपही मुठीशी जोडलेला असतो. तुम्ही मूठ बंद केली, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, उतार तिला ढकलतोय. इंजिन पाच-सहा हजार फेरे फिरतंय, आणि त्याला मिळतंय ते पायलट जेटमधून येणारं आयडलपुरतं पेट्रोल आणि त्याबरोबरचं जेमतेम तेल. फेरे पळण्याचे, तेल उभं राहण्याचं. मिनिट-दोन मिनिटं चालतं; सलग पाच-सहा किलोमीटर घाट असला तर नाही. म्हणून जुने लोक उताराला मधूनमधून क्लच दाबून दोनदा मूठ मारायचे, आठवतंय? लोकांना वाटायचं, रुबाब करतो. तो पिस्टनला तेल पाजत होता. घाटात ब्रेक वापरा, दर वळणाला क्लच दाबून थोडी मूठ द्या, आणि पायलट जेट साफ आहे की नाही ते घाटाच्या आधी बघा, नंतर नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : मिस्त्रीकडे दहा-पंधरा प्रकारचे जेट नसतात. मग काय करायचं?)

खरं आहे, नसतात. मेन जेटच्या चार पायऱ्या स्वतः विकत घेऊन ठेवा. आत्ताच्या नंबरापासून वर तीन आणि खाली एक. अस्सल घ्या, नकली जेटवर नंबर छापलेला असतो, भोक तेवढं असतंच असं नाही. प्लास्टिकच्या डबीत, वहीबरोबर. मिस्त्रीला सांगा की काढलेला जेट परत द्यायचा. आणि पहिली नोंद आजच करा : आत्ता कार्बमध्ये कितीचा जेट आहे ते उघडून बघा.